आपल्या वाट्याचा बर्फ

१ ऑक्टोबर २०२५ रोजी कास्तेल गांदोल्फो येथे एक आगळी घटना घडली. ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाच्या दशकपूर्तीनिमित्त तेथे परिषद भरली होती. त्या परिषदेत पोप लिओ चौदावे यांनी ग्रीनलंडहून आणलेल्या बर्फाच्या एका मोठ्या तुकड्यावर हात ठेवून त्याला आशीर्वाद दिला. ती छायाचित्रे जगभर गेली आणि टवाळीला ऊत आला. आमच्या धर्मग्रामातही तिचे पडसाद उमटले. रविवारच्या मिस्सानंतर एका सुशिक्षित सद्‌गृहस्थांनी मला गाठून विचारले, “फादर, माणसे उपाशी मरताहेत आणि ख्रिस्तसभा बर्फाला आशीर्वाद देते? उद्या पांढऱ्या अस्वलांसाठी नोव्हेना सुरू करणार का?” भोवतालची मंडळी हसली. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र त्या हसण्याची मला लाज वाटली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपण नवी मोटार घेतो तेव्हा तिच्यावर पवित्र पाणी शिंपडण्यासाठी धर्मगुरूंना बोलावतो. होडीला, शेताला, दुकानाच्या गल्ल्याला आशीर्वाद मागतो. त्या वेळी कोणालाच हसू येत नाही. मोटार आशीर्वादाला पात्र आणि परमेश्वराच्या हातचा बर्फ मात्र हास्यास्पद, हे तर्कट मला मान्य नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मानवाला आशीर्वाद मिळण्यापूर्वी समुद्रातील जीवांना आणि पाखरांना तो मिळालेला आहे, हे आपण सोयीने विसरतो.

आता त्या अस्वलाकडे वळू. शास्त्रज्ञांनी त्याला ‘अर्सस मॅरिटिमस’, म्हणजे सागरी अस्वल, असे नाव दिले आहे आणि ते सार्थ आहे. गोठलेला समुद्र हीच त्याची शिकारभूमी. सील हे त्याचे मुख्य अन्न. बर्फात श्वास घेण्यासाठी ठेवलेल्या छिद्रातून सील वर येतो, तेव्हा अस्वल त्याला पकडते. उघड्या पाण्यात सील त्याच्या हाती क्वचितच लागतो. वसंत ऋतूत सीलची पिले खाऊन अंगावर चढवलेल्या चरबीवर त्याला पुढचे उपाशी महिने काढायचे असतात. कॅनडातील हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरील अस्वले उन्हाळ्यात बर्फ वितळला की जमिनीवर येतात आणि नोव्हेंबरात समुद्र पुन्हा गोठण्याची वाट पाहतात. जमिनीवरची बोरे आणि पक्ष्यांची अंडी यांवर एवढ्या मोठ्या देहाचे पोट भरत नाही. गाभण मादी तर सुमारे आठ महिने निराहार राहते आणि त्याच उपवासात बिळामध्ये जेमतेम सहाशे ग्रॅम वजनाच्या पिलांना जन्म देऊन दूध पाजते.

हा हिशेब परमेश्वराने फार काटेकोरपणे बसवला होता. आपण तो बिघडवला. १९८०च्या दशकाच्या तुलनेत तेथील बर्फाविना जाणारा काळ तीन-चार आठवड्यांनी वाढला आहे. म्हणजे शिकारीचे दिवस तेवढे घटले आणि उपासाचे तेवढे वाढले. या भागात १९८७ साली सुमारे १,२०० अस्वले होती. २०१६ च्या गणनेत ८४२ आढळली आणि २०२१ च्या गणनेत ६१८. काही अस्वले शेजारच्या प्रदेशात गेली असावीत, ही शक्यता शास्त्रज्ञही नाकारत नाहीत. परंतु माद्या आणि अल्पवयीन अस्वले यांच्यात झालेली घट कोणत्या दिशेला बोट दाखवते, हे उघड आहे.

या अस्वलांच्या वाटेवरच चर्चिल हे गाव आहे आणि त्या गावात आपल्याच ख्रिस्तसभेच्या एका धर्मप्रांताचे कॅथेड्रल उभे आहे. “आपला काय संबंध?” असे विचारणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

विरोधकांचा पहिला आक्षेप असा की, जगातील अस्वलांची संख्या पूर्वीपेक्षा वाढली आहे. तेव्हा हा सारा बागुलबुवा आहे. आक्षेपातील सत्यांश मी मान्य करतो. विसाव्या शतकाच्या मध्यास बंदुकीने या प्राण्याची धूळधाण केली होती. १९७३ साली कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, अमेरिका आणि सोव्हिएत संघ या पाच राष्ट्रांनी ऑस्लो येथे करार करून शिकारीला आवर घातला. त्यामुळे काही ठिकाणी संख्या सावरली. चुक्ची समुद्रातील अस्वले तर बर्फ घटूनही अद्याप धष्टपुष्ट आहेत. पण बंदुकीपासून वाचलेला जीव उष्म्यापासूनही वाचला, असे त्यातून कसे सिद्ध होते? आपल्या भाषेत याला आगीतून फुफाट्यात पडणे म्हणतात. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने २०१५ साली एकूण संख्या सुमारे २६,००० धरली आणि तरीही या प्राण्याला ‘असुरक्षित’ गणले. कारण ज्या बर्फावर तो जगतो, तोच संपत चालला आहे. उपग्रहांद्वारे मोजणी सुरू झाली १९७९ साली. तेव्हापासून आर्क्टिक प्रदेश उर्वरित जगाच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. पांढरा बर्फ सूर्यप्रकाश परतवतो. तो वितळला की खालचे काळे पाणी तोच प्रकाश शोषते आणि आणखी बर्फ वितळवते.

दुसरा आक्षेप असा की, अस्वलाचे नाव घेऊन लोकांच्या भावना चाळवल्या जातात. येथे मला माझीच चूक कबूल केली पाहिजे. सॉमरसेट बेटावरील एका मरणोन्मुख, हाडांचा सापळा झालेल्या अस्वलाचे चलच्चित्र २०१७ साली जगभर गाजले. मी ते प्रवचनात वापरले आणि त्याचा बळी हवामानबदलाने घेतला, असे ठासून सांगितले. त्या एका अस्वलाच्या दुरवस्थेचे कारण निश्चित कळलेले नाही आणि आपण दावा वाजवीपेक्षा पुढे नेला, असे ते प्रसिद्ध करणाऱ्या नियतकालिकाने २०१८ मध्ये मान्य केले. मी मात्र व्यासपीठावरून दुरुस्ती केली नाही. ती आज येथे करतो. सत्याची बाजू घेणाऱ्याने अर्धसत्याची कुबडी घेऊ नये. पण माझ्या एका चुकीच्या दाखल्याने हडसन उपसागराची गणना खोटी ठरत नाही.

तिसरा आक्षेप धार्मिक आहे: परमेश्वराने मानवाला सृष्टीवर सत्ता दिली. दिली खरी. पण त्याच उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात बाग मशागतीसाठी आणि राखण्यासाठी सोपवली आहे आणि नवव्या अध्यायात नोहाबरोबरचा करार प्रत्येक सजीवाशीही केलेला आहे. ईयोबाला परमेश्वर वादळातून प्रश्न विचारतो, तेव्हा रानशेळीच्या वेणांची, कावळ्याच्या पिलांच्या भुकेची आणि बर्फाच्या जन्माची आठवण देतो. माणसाच्या उपयोगी न पडणाऱ्या जीवांचीही त्याला काळजी आहे. आणि हे नव्या पोपमहाशयांचे खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी संत जॉन पॉल दुसरे यांचा १ जानेवारी १९९० चा शांतिदिनाचा संदेश वाचावा. पृथ्वीच्या वाढत्या तापमानाची चिंता त्यात आहेच.

उरला तो प्रश्न भुकेल्या माणसांचा. अस्वल आणि गरीब यांना एकमेकांचे वैरी ठरवणे ही सुखवस्तूंची चतुराई आहे. ज्या बर्फावर अस्वल शिकार करते, तोच इन्युइट शिकाऱ्यांचा रस्ता आहे. तो पातळ झाला की माणसेही बुडतात. गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे आणि २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ हे ठाणे स्वालबार्डमध्ये कार्यरत आहे. आर्क्टिकमधील बदलांचे आपल्या मान्सूनशी असलेले नाते हा तेथील संशोधनाचा एक विषय आहे. आपला शेतकरी त्या बर्फापासून वाटतो तेवढा दूर नाही.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, हवेत सोडलेल्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरातील सुमारे तीन चौरस मीटर सागरी बर्फ नाहीसा होतो. भारतीयाच्या सरासरी वाट्याला वर्षाला सुमारे दोन टन येतात, अमेरिकन माणसाच्या वाट्याला सुमारे चौदा. न्यायाने पाहता मोठा दोष श्रीमंत राष्ट्रांचाच आहे आणि तो त्यांच्या पदरात घातलाच पाहिजे. पण सरासरीच्या पडद्याआड आपणही लपतो. झोपडीतील विधवेचा आणि चार खोल्यांत चार वातानुकूलन यंत्रे चालवणाऱ्याचा वाटा एक नव्हे. माझ्या धर्मग्रामाच्या सभागृहात अशी यंत्रे बसवण्याच्या ठरावावर माझीच सही आहे. मला हिशेब विचारणारे कोणी नव्हते, म्हणून मी तो केलाही नाही.

तो ठराव पुढील बैठकीत पुन्हा चर्चेला ठेवण्याची सूचना मी मांडणार आहे. प्रत्येक धर्मग्रामाच्या वार्षिक हिशेबात दानाबरोबर वीज आणि इंधनही मांडले जावे आणि चर्चच्या छपरावर सूर्याची वीज घेता येईल का, हे तपासावे. मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. ती कबुली देताना यापुढे आपल्या वाट्याचे ते सहा चौरस मीटर आठवावेत. साधारण एका लहान खोलीएवढी ती जागा. चर्चिलच्या किनाऱ्यावर समुद्र गोठण्याची वाट पाहणाऱ्या मादीला तेवढाही बर्फ आज कमी पडतो आहे. मला प्रश्न विचारणाऱ्या त्या सद्‌गृहस्थांना माझे हेच उत्तर आहे. हसण्याऐवजी ते मी त्याच रविवारी द्यायला हवे होते.