भाताच्या चुडातील फिनॉल आणि युरियाचे पोते

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, तंजावर जिल्ह्यातील गावांत, भाताचे वर्ष कुरुवै, सांबा आणि ताळडी या तीन हंगामांनी मोजले जाते. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सुटले की कुरुवैची लगबग सुरू होते. सांबा ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत शेतात राहतो आणि कुरुवैच्या कापणीनंतर त्याच खाचरात ताळडीची लावणी होते. पाठोपाठ उभ्या राहणाऱ्या या पिकांमुळे तपकिरी तुडतुड्यांना अन्नाची वाण क्वचितच पडते. दमट हवेत दाट पिकाच्या बुंध्याशी त्यांची संख्या वाढते आणि हिरव्या शेतात जळाल्यासारखी वर्तुळे दिसू लागतात. तेव्हा शेतकरी औषधाच्या दुकानाकडे धाव घेतो. भाताच्या चुडातच एक संरक्षक रसायनशाळा चालू असते आणि ती बंद पाडण्याची किल्ली युरियाच्या पोत्यात असते, हे मात्र त्याच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. विस्तारकार्यातील ही उणीव महाग पडणारी आहे.

बेंझिनच्या कड्याला हायड्रॉक्सिल गट जोडला की फिनॉल बनते. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३४ मध्ये ते दगडी कोळशाच्या डांबरातून वेगळे केले आणि लिस्टरने १८६५ पासून त्याचा जंतुनाशक म्हणून वापर केला. आज ते मुख्यतः क्युमीनपासून, म्हणजे पेट्रोलियमजन्य कच्च्या मालापासून तयार होते. त्यापासून राळ, प्लॅस्टिक व औषधे तर बनतातच. भातातील रुंद पानांच्या तणांवरचे २,४-डी आणि तुडतुड्यांवरचे बीपीएमसी ही रसायनेही फिनॉलच्याच कुळातून येतात.

वनस्पती हेच कडे कारखान्याविना घडवते. शिकिमिक आम्लाच्या मार्गाने फेनिलअलॅनिन तयार होते. त्यापासून कौमारिक व फेरुलिक आम्ले, फ्लॅव्होनॉइडे आणि पेशीभित्ती कठीण करणारे लिग्निन बनते. तुडतुडा आपली सोंड रसवाहिनीत खुपसून रस शोषतो. भातातील ट्रिसिन व शाफ्टोसाइड यांसारखी फ्लॅव्होनॉइडे त्याच्या या शोषणात अडथळा आणतात. पाने कुरतडणाऱ्या किडीने ऊतक फोडले, तर पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर फिनॉलांचे क्विनोनांत रूपांतर करते. क्विनोने प्रथिनांना चिकटतात आणि किडीला ती पचवणे कठीण जाते.

नत्राचा प्रश्न येथे उभा राहतो. गरजेपेक्षा जास्त नत्र मिळालेले रोप आपला कार्बन वाढीकडे वळवते. फिनॉल व लिग्निन यांचे प्रमाण घटते, तर रसवाहिनीतील अमिनो आम्ले वाढतात. अशा पिकावर तुडतुड्यांची मादी अधिक अंडी घालते आणि अधिक पिले जगतात. एकाच पोत्याने झाडाची ढाल पातळ होते व शत्रूचे ताट भरते.

तंजावरला याचा इतिहासही आहे. १९६० मध्ये सघन कृषी जिल्हा कार्यक्रमासाठी निवडलेल्या पहिल्या जिल्ह्यांत तंजावर होता आणि त्याच दशकात आडुतुरै येथील संशोधन केंद्राच्या एडीटी २७ या वाणाने कुरुवैचे उत्पादन वाढवले. खताला प्रतिसाद देणाऱ्या वाणांनी अन्नसुरक्षा दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ‘गडद हिरवे शेत म्हणजे चांगले शेत’ ही समजूतही त्याच काळात घट्ट झाली, आणि किडीच्या दृष्टीने गडद हिरवे शेत हे आमंत्रण असते.

संशोधनानेही स्वतःकडे पाहायला हवे. पानाचा अर्क फोलिन-सिओकाल्टो अभिकर्मकात मिसळून निळ्या रंगावरून ‘एकूण फिनॉल’ काढणे सोपे आहे. मात्र हा अभिकर्मक ॲस्कॉर्बिक आम्लासारख्या इतर क्षपणकांशीही अभिक्रिया करतो आणि हजारो संयुगांतले कोणते संयुग किडीला रोखते, हे सांगत नाही. केवळ या आकड्यावरून एखाद्या वाणाला प्रतिकारक ठरवणे घाईचे आहे. शेतावरील किडीची संख्या हीच अखेरची कसोटी असली पाहिजे.

बाजारही या शब्दाकडे वळला आहे. रोगप्रतिकारशक्ती वाढवण्याचे आश्वासन देणारी उत्पादने गावोगाव विकली जातात. फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात जैवउत्तेजकांचा समावेश झाला, हे स्वागतार्ह आहे. त्या व्याख्येत कीटकनाशके येत नाहीत. म्हणून जैवउत्तेजकाच्या बाटलीवर तुडतुडे मारण्याचा दावा असेल, तर कृषी सहायकाने तेथेच थांबून प्रश्न विचारला पाहिजे.

प्रतिकारक वाण हा एकमेव आधारही पुरेसा नाही. १९७३ मध्ये प्रसारित झालेला आयआर २६ हा तुडतुडा-प्रतिकारक वाण काही हंगामांतच फिलिपिन्स व इंडोनेशियात किडीच्या नव्या जैवप्रकारापुढे हरला. केरळमधील पट्टांबीचा पीटीबी ३३ मात्र आजही पैदासकारांचा विश्वासू दाता आहे. जनुकाने दिलेले बळ अतिरेकी नत्राने खर्ची पडू नये, एवढी काळजी घेणे शेतकऱ्याच्या हाती आहे.

नत्र कमी केल्यास उत्पादन घटेल, ही भीती खंडाने जमीन कसणाऱ्याला अधिक असते आणि ती रास्त आहे. त्यावर उपदेश उपयोगी नाही. मोजमाप उपयोगी आहे. पर्णरंग तक्ता लावून गरजेनुसार हप्त्यांनी नत्र द्यावे, पालाश वगळू नये. लावणीत दर अडीच मीटरवर ३० सेंटीमीटरचा पट्टा मोकळा ठेवावा, अधूनमधून खाचरातील पाणी काढावे. फवारणीपूर्वी बुंध्याशी तुडतुडे व कोळी दोन्ही मोजावेत. दर फुटव्याला एक तुडतुडा ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. चुडागणिक एक कोळी असेल, तर ती दोनपर्यंत वाढवता येते. कोळी मारणारी सिंथेटिक पायरेथ्रॉइडे येथे टाळावीत, कारण त्यानंतर तुडतुडे अधिक जोमाने परततात.

कोकणातील खाचरे असोत वा भंडारा-गोंदियातील बांध्या, हे गणित तेथेही लागू पडते. प्रत्येक प्रात्यक्षिकात शिफारशीपेक्षा जास्त नत्राचा एक छोटा वाफा मुद्दाम ठेवावा आणि दोन्ही वाफ्यांतील तुडतुडे शेतकऱ्यांच्याच हातून मोजून घ्यावेत. फिनॉलचे रसायनशास्त्र गावाला त्या मोजणीतून समजेल.