अडचण एक, प्रमाणे अनेक

१८९६ साली इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता. खेळात तो कोणाच्या मागे नव्हता आणि आकडे त्याला सहज वाचता येत. परंतु सोपे शब्द वाचतानाही तो अडखळे. स्वतःचे नाव लिहिताना तो त्यातील अक्षरांची अदलाबदल करी आणि दाखवून दिल्याखेरीज ती चूक त्याच्या ध्यानात येत नसे. सारे शिक्षण तोंडी असते, तर हाच मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते.

या उपजत अडचणीला आज डिसलेक्सिया म्हणतात. ती बुद्धीची उणीव नव्हे. शब्दातील ध्वनी वेगवेगळे ओळखून त्यांची अक्षरांशी सांगड घालणे अशा मुलांना बहुधा जड जाते. पर्सीची अडचण तीव्र होती, म्हणूनच ती नजरेत भरली. सर्वांची अडचण इतकी ठळक नसते. एकाच वर्गातील एक मुलगा साध्या शब्दापाशीच थांबतो. दुसरी मुलगी अचूक वाचते. परंतु इतके सावकाश, की वाक्याच्या शेवटाशी येईपर्यंत त्याचा आरंभ ती विसरलेली असते. तिसऱ्याचे वाचन बरे असते; जोडाक्षरे लिहिताना मात्र त्याची लेखणी अडते.

अमेरिकेतील सॅली शेविट्झ व त्यांचे सहकारी यांनी कनेक्टिकट राज्यातील मुलांच्या वाचनाचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध केला. डिसलेक्सिया असलेली मुले एका बाजूस व नसलेली दुसऱ्या बाजूस, अशी स्पष्ट विभागणी त्यांना आढळली नाही. माणसांची उंची जशी थोड्याथोड्या फरकाने कमीजास्त असते, तशीच वाचनाची क्षमताही असते, असे त्यांना दिसले. भाषेप्रमाणेही अडचणीचे रूप पालटते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डिसलेक्सिया असलेले इटालियन विद्यार्थी इंग्रज व फ्रेंच विद्यार्थ्यांपेक्षा अधिक अचूक वाचताना आढळले, कारण इटालियन भाषेत उच्चार व लेखन यांचा मेळ अधिक आहे. मेंदूच्या कार्यातील उणीव मात्र तिघांतही सारखीच होती.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. 'या मुलाला डिसलेक्सिया आहे की नाही?' एवढाच प्रश्न पुरेसा नाही. 'किती आहे व कोठे आहे?' हेही विचारले पाहिजे. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा अध्ययन-अक्षमतेला मान्यता दिली. मात्र त्यातील काही विशेष लाभांसाठी किमान ४० टक्क्यांची मर्यादा आहे. कायद्याला कोठेतरी रेषा आखावीच लागते. शिक्षकाने मात्र त्या रेषेशी थांबण्याचे कारण नाही. रेषेच्या अलीकडे राहिलेल्या मुलाची अडचण खोटी ठरत नाही.

सौम्य अडचणीलाही सवलत दिली तर आळसाला निमित्त मिळेल, अशी शंका काही जण घेतात. शंका अगदीच निराधार नाही. म्हणूनच नीट तपासणी हवी. परंतु जो मुलगा एक पान वाचण्यासाठी इतरांच्या दुप्पट वेळ कष्टतो, त्याला आळशी म्हणणे हा उघड अन्याय आहे. तीव्र अडचणीकडे निदान कोणाचे तरी लक्ष जाते. सौम्य अडचण असलेला मुलगा मात्र वर्षानुवर्षे बोल ऐकतो आणि अखेर स्वतःलाच मंद समजू लागतो. मूळ अडचणीपेक्षा ही हानी मोठी होय.

चष्मा देताना सर्वांना एकाच नंबरचा देत नाहीत. आणि नंबर लहान आहे म्हणून कोणी तो नाकारीतही नाही. वाचनाच्या अडचणीलाही हाच न्याय लावावा. कोणाला शिकवण्याची निराळी पद्धत लागेल, कोणाला परीक्षेत थोडा अधिक वेळ पुरेल, तर कोणाला केवळ धीराचे दोन शब्द. ज्याची जेवढी गरज, तेवढे साहाय्य त्याला वेळेवर मिळाले, तरच शाळा सर्वांची ठरेल.