हिशेब फायलीत हवा

कॅनडाचे नागरिकत्व किती दिवसांत मिळते, असे अशिलाने विचारले की ‘पीआरनंतर तीन वर्षांत’ हे उत्तर आपल्या तोंडी तयार असते. हे उत्तर आजपुरते ठीक आहे. 1947च्या पहिल्या नागरिकत्व कायद्यात वास्तव्याची अट पाच वर्षांची होती. 1977च्या कायद्याने ती तीनवर आणली, 2015मध्ये ती चारवर गेली आणि 2017मध्ये पुन्हा तीनवर आली. पीआर मिळताना असलेली अट अर्जाच्या दिवशीही कायम राहील, अशी हमी तिथले सरकार देत नाही. मग ती आपण का द्यावी?

सी-24 विधेयक जून 2014मध्ये मंजूर झाले आणि वास्तव्याची नवी अट 11 जून 2015पासून लागू झाली. सहा वर्षांत 1,460 दिवस आणि त्यातल्या चार कॅलेंडर वर्षांत दरवर्षी किमान 183 दिवस, अशी ती होती. त्या तारखेआधी दाखल झालेल्या अर्जांना जुना नियम लागला. ज्यांचे दिवस भरत आले होते, त्यांना मात्र कसलीच सवलत नव्हती. 1 जुलै 2012 रोजी थेट पीआरवर उतरून सलग तिथेच राहिलेल्या माणसाची तीन वर्षे जून 2015अखेर पुरी होत होती. जेमतेम तीन आठवड्यांनी मुदत हुकली आणि त्याचा अर्ज वर्षभर लांबला. स्टडी किंवा वर्क परमिटवर काढलेल्या दिवसांची अर्धी मोजणीही त्याच कायद्याने गेली. ती 11 ऑक्टोबर 2017पासून सी-6ने परत आणली: पाच वर्षांत 1,095 दिवस, त्यात पीआरआधीचा दिवस अर्धा, आणि अशा मोजणीला 365 दिवसांची मर्यादा.

2015च्या कायद्याला एक श्रेय द्यायलाच हवे. त्याआधी तीन कसोट्या एकाच वेळी चालत. पापाडोजोर्जाकिस निकालानुसार बिऱ्हाड कॅनडात असले की पुरे, कू निकालानुसार माणसाचे आयुष्य प्रामुख्याने कुठे चालते ते पाहायचे, तर पूरघासेमी निकालानुसार निव्वळ हजेरीचे दिवस मोजायचे. कुणासमोर फाइल जाईल त्यावर निकाल ठरे. आता प्रत्यक्ष हजेरी हाच निकष आहे.

अट किती वर्षांची असावी, हा त्या देशाच्या संसदेचा अधिकार आहे. पण वाढवलेली अट नव्याने पीआर घेणाऱ्यांपासून लागू व्हावी. मोजणी सुरू झालेल्यांवर ती लादणे अन्यायाचे आहे, असे आमचे मत आहे. हे कॅनडापुरतेच नाही. जर्मनीने 27 जून 2024पासून आठ वर्षांची अट पाचवर आणली आणि विशेष पात्रता असलेल्यांना तीन वर्षांची वाट खुली केली. सरकार बदलले आणि ऑक्टोबर 2025मध्ये ती वाट बंद झाली.

सरकारे बदलणे आपल्या हाती नाही, फाइल नीट ठेवणे आहे. पीआरच्या पहिल्या दिवसापासून अशिलाच्या प्रवासाची नोंद ठेवा. निघण्याचा आणि परतण्याचा, दोन्ही दिवस हजेरीत धरले जातात. त्यामुळे सकाळी टोरांटोहून बफेलोला जाऊन रात्री परतलेल्याची गैरहजेरी लागत नाही. जुने पासपोर्ट टाकू देऊ नका. 1,095 भरताच अर्ज करण्यापेक्षा थोडे दिवस जास्तीचे भरू द्या.

ही नोंद पुढच्या पिढीलाही लागणार आहे. 15 डिसेंबर 2025पासून सी-3 कायदा लागू झाला. नागरिक झालेल्या अशिलाचे मूल पुण्यात जन्मले तरी ते कॅनडाचे नागरिक असते. पण त्या मुलालाही पुढे कॅनडाबाहेर अपत्य झाले, तर अपत्याच्या जन्माआधी आपण कॅनडात एकूण 1,095 दिवस काढल्याचे त्याला दाखवावे लागेल.

तेव्हा या महिन्यात चालू फायली एकदा उघडून प्रत्येकीतल्या प्रवासाच्या नोंदी तपासा. आणि अशिलाला अर्जाची तारीख लेखी कळवताना ‘आजच्या नियमानुसार’ हे दोन शब्द कधीही गाळू नका.