अलंकार ओळखला, पण कळला का?



'जसा, सम, परी, गत' दिसलं की उपमा. 'जणू, गमे, भासे' दिसलं की उत्प्रेक्षा. ही युक्ती मुलांना तोंडपाठ असते. पेपरात गुण मिळतो आणि विषय तिथंच संपतो. माझ्या मते अलंकाराचं नाव सांगणं ही फक्त सुरुवात आहे. त्या अलंकारामुळे अर्थ कसा बदलला, हे मुलाला सांगता यायला हवं.

आपल्या पिंपळगाव राजा परिसरातलंच उदाहरण घ्या. 'कापूस म्हणजे पांढरं सोनं.' इथे कापूस उपमेय, सोनं उपमान, दोन्ही एकच मानले म्हणून रूपक. आता पुढे विचारा, सोन्यातलं काय कापसात आलं? किंमत, घराचा आधार. आणि काय आलं नाही? सोनं वर्षानुवर्षं पेटीत राहतं. कापूस घरात साठवला तर वजन घटतं, अंगाला खाज सुटते ती वेगळीच. सोन्याला कीड लागत नाही. पण 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातल्या कापसाचं काय केलं, हे मुलांनी घरी ऐकलेलं असतं.

हेच शब्द बियाण्याच्या जाहिरातीत आले तर आशा दाखवतात. भाव पडल्यावर शेतकरी बाप म्हणतो, "हे पाय आपलं पांढरं सोनं!" तेव्हा तो उपरोध असतो. शब्द तेच, अर्थ उलटा. याउलट आपल्या तालुक्याच्या गावाला, खामगावला, 'रजतनगरी' म्हणतात ते तिथल्या चांदीच्या व्यापारामुळे. तिथे चांदी खरोखरच आहे. हा फरक मुलांना दाखवा, लगेच कळतो.

'बळीराजा' या शब्दाचंही तसंच. शेतकऱ्याला राजा म्हटलं की मान मिळतो, पण राजाच्या डोक्यावरचं कर्ज मात्र नजरेआड होतं. उद्या हीच मुलं भाषणं ऐकणार, मोबाइलवरचे मेसेज वाचणार. शब्द काय दाखवतो आणि काय झाकतो, हे ओळखायची सवय आत्ताच लागली पाहिजे.

पालकांना एक विनंती. मूल 'दुधावानी पांढरं' म्हणालं तर त्याला अशुद्ध म्हणून टोकू नका. ती चांगली वऱ्हाडी उपमा आहे. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) कधी शाळेत गेल्या नाहीत. शेत, घर आणि बोली यांतूनच त्यांच्या उपमा आल्या. त्यांची गाणी 1952 मध्ये पुस्तकरूपानं आली, ती आज आपण वर्गात शिकवतो.

म्हणून वर्गात तीन प्रश्न जरूर विचारा :

1. कशाला काय म्हटलं?
2. त्यात काय जुळतं, काय जुळत नाही?
3. कोण बोलतंय आणि कोणासाठी?

या तिसऱ्या प्रश्नाला परीक्षेत गुण नसतात. तरीही तो सोडू नका.