गोळीबार ‘होत’ नाही

वादळ होते, अवकाळी पाऊस होतो. गोळीबार मात्र कोणीतरी करतो. तरीही सरकारी पत्रके आणि त्यांची री ओढणारी वृत्तपत्रे ‘गोळीबार झाला’, ‘गोळीबार करणे भाग पडले’ असेच लिहितात. अशा वाक्यांत कर्ता अदृश्य होतो. (भाववाढही अशीच ‘होत’ असते, अर्थशास्त्राच्या अध्यापकाला ही लकब परिचयाची आहे.)

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेने क्षुब्ध झालेल्या वस्तीवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. दहा माणसे मेली. ‘हिंसक जमाव’ टँकर पेटविणार होता, हे त्याचे सरकारी समर्थन. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरविला. २००९ साली सत्र न्यायालयाने आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यास दोषी ठरविले. पुढे उच्च न्यायालयातून त्यास जामीनही मिळाला. वाक्यातला कर्ता सापडायला बारा वर्षे लागली!

‘जमाव’ हा शब्दही तपासून पाहावा. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात पवना जलवाहिनीला विरोध करणारे तीन शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. त्यांत एक स्त्री होती. शेतकऱ्याला गाव असते, सातबारा असतो, घरी वाट पाहणारी माणसे असतात. जमाव फक्त पांगवायचा असतो.

‘चकमक’ या शब्दाने तर कहरच केला आहे. चकमकीला दोन बाजू लागतात. एकच बाजू मरते आणि तीच कथा पुनःपुन्हा सांगितली जाते, तेव्हा शंका घेणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरते. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात झालेल्या अशा सुमारे ९९ ‘चकमकीं’वरील याचिकेतूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली प्रत्येक चकमक-मृत्यूच्या स्वतंत्र तपासाचा दंडक घालून दिला.

आपल्या अमरावती जिल्ह्यातील बेनोडा आणि यावली ही गावे नावापुढे ‘शहीद’ लावतात. ऑगस्ट १९४२ मध्ये तेथे गोळ्यांना बळी पडलेले लोक परक्या सरकारच्या लेखी दंगलखोरच होते. गावकऱ्यांनी तो शब्द नाकारला व आपला शब्द गावाच्या नावातच कोरला.

चांदूर बाजार असो की अन्य कोणताही तालुका, असा प्रसंग ओढवल्यास आपल्या कार्यकर्त्यांनी पत्रकाची नक्कल धाडू नये. आदेश कोणी दिला, पूर्वसूचना दिली होती काय, किती फैरी झाडल्या, जखमा छातीवर आहेत की पाठीवर, एवढे स्वतः विचारून लिहावे.