‘जाऊ दे’ म्हणण्याची किंमत

आठवड्याच्या बाजारात आपल्यासारखी चोखंदळ बाई शोधून सापडायची नाही. भेंडीचं टोक मोडून बघू, नारळ कानाशी धरून हलवू. काकडी कडू निघाली तर पुढच्या बाजारी त्या भाजीवाल्याला ऐकवू आणि बदल्यात मूठभर कोथिंबीर घेऊनच पुढे सरकू! मग हीच बाई मोबाईलवरून मागवलेली दीड-दोन हजारांची वस्तू बिघडलेली निघाली की गप्प का बसते?

महिला मंडळाच्या आणि बचत गटाच्या कामानिमित्त माझं अनेक घरांत जाणं-येणं असतं. हल्ली जवळजवळ प्रत्येक घरात अशी एक तरी वस्तू माळ्यावर पडलेली दिसते. रंग गेलेली साडी, तळ सुटलेला नॉनस्टिक तवा, महिन्याभरात बंद पडलेली इस्त्री. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘जाऊ दे हो ताई, कोण मागे लागणार त्यांच्या?’

या ‘जाऊ दे’मागे आळस असतो असं मला वाटत नाही, भीती असते. आमच्या गटातल्या एकीचंच सांगते. तिने ऑनलाईन मिक्सर मागवला, एकोणीसशे रुपयांचा. पार्सल आलं पितृपक्षात. नवी वस्तू दसऱ्याला पूजा करून काढू, म्हणून तिनं खोकं तसंच ठेवलं. दसऱ्यानंतर तिसऱ्यांदा वाटण करायला घेतलं आणि जळका वास येऊन मोटार बंद! अ‍ॅपवर परत करायला गेली तर ‘मुदत संपली’. फोन केला तर म्हणे, शंभर किलोमीटरवरच्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला घेऊन जा. आणि घरात? ‘कुणी सांगितलं होतं ऑनलाईन मागवायला?’ या एका वाक्यानं तिचं तोंड बंद झालं. कंपनीनं पैसे बुडवले ते बुडवलेच, वर मूर्ख ठरली तीच! पुढच्या वेळी घरात खरेदीचा विषय निघाला की तिचं मत कोण विचारणार?

म्हणून मला हा विषय नुसता मिक्सरचा वाटत नाही. घरखर्चातून, शिलाईतून, पापडाच्या ऑर्डरींतून बाजूला काढलेले हे पैसे असतात. ते असे सोडून दिले की त्यांच्याबरोबर आपला शब्दही हलका होतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा आला आणि जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच महिन्यात ऑनलाईन व्यापारासाठी वेगळे नियमही आले. त्यात स्पष्ट म्हटलंय की वस्तू सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत दाखवल्यासारखी नसेल, तर विक्रेत्यानं ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता कामा नये. प्रत्येक ऑनलाईन कंपनीनं तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क ग्राहकाला दिसेल असा द्यायचा आहे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि तक्रारीचा निकाल महिन्याभरात, हेही नियमातच आहे. अ‍ॅपवरची सात-दहा दिवसांची मुदत ही त्या कंपनीनं ठरवलेली असते. ग्राहक आयोगाकडे जायला कायद्यानं दोन वर्षं दिली आहेत. तेव्हा ‘मुदत संपली’ वाचून हात टेकायचं कारण नाही.

‘पण ऑर्डर तर मुलाच्या मोबाईलवरून केली होती, मी कशी तक्रार करणार?’ हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो. बायांनो, विकत घेणाऱ्याच्या संमतीनं ती वस्तू वापरणाराही कायद्याच्या लेखी ग्राहकच असतो. मिक्सर वापरणारी तुम्ही, म्हणजे ग्राहकही तुम्ही! इतकंच काय, पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेलं शिलाई मशीन बिघडलं तरी ग्राहक म्हणून दाद मागता येते.

आमच्या गटातल्या त्या मैत्रिणीबरोबर मी बसले. काही मोठं केलं नाही. अ‍ॅपमधून बिल उतरवून घेतलं, मिक्सरचे आणि खोक्यावरच्या लेबलचे फोटो काढले. तारीखवार चार ओळींचा अर्ज मराठीतच लिहिला आणि मुलाकडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ई-मेल करून घेतला. दोन दिवसांत पोच आली, आठवड्यानं नकार आला. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन केला. तिथं मराठीत बोलता येतं. त्यांनी तक्रारीचा क्रमांक दिला आणि तक्रार कंपनीकडे पाठवली. तीन आठवड्यांनी कंपनीनंच फोन करून खात्याचा नंबर विचारला. मिक्सर घेताना पैसे रोख दिले होते, त्यामुळे ते परत कुठे टाकायचे हा प्रश्न होता. तिनं बचत गटामुळे उघडलेल्या स्वतःच्या खात्याचा नंबर दिला. घरात आता तिला ‘कुणी सांगितलं होतं’ असं कुणी म्हणत नाही. उलट दिराच्या मोबाईलची तक्रारही तिच्याकडेच आली आहे!

प्रत्येक वेळी हेल्पलाईनवर काम होईलच असं नाही. ती कंपनीला विचारू शकते, हुकूम देऊ शकत नाही. हुकूम द्यायचा अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाचा. पण तिथली पायरी आपण समजतो तेवढी उंच नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आणि २०१९ च्या कायद्यानं केलेली सगळ्यात मोठी सोय म्हणजे, कंपनी दिल्लीची असो की बंगळुरूची, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ या सरकारी व्यवस्थेतून ती ऑनलाईनही दाखल होते. निकालाला वेळ लागतो, तारखा पडतात, हे खरंच आहे. म्हणून तर कागद पहिल्या दिवसापासून नीट ठेवायचे. पार्सल फोडताना मोबाईलवर चित्रण करा, बिल जपून ठेवा, आणि फोनवर झालेलं बोलणं ई-मेलनं पुन्हा लेखी कळवा. तोंडी बोलण्याला पुरावा नसतो.

एक धोक्याची सूचनाही द्यायला हवी. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. तिथं भामट्यांनी खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. नंबर घ्यायचा तो कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा बिलावरून. पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन मागितला, ओटीपी मागितला किंवा एखादं नवं अ‍ॅप उतरवायला सांगितलं, की फोन ठेवून द्या. फसगत झालीच तर लगेच १९३० वर कळवा. आणि हो, पार्सल आणून देणाऱ्या पोरावर राग काढू नका. तो बिचारा उन्हातान्हात दुसऱ्याचं खोकं पोचवतो, आत काय आहे ते त्यालाही ठाऊक नसतं.

काही जणी म्हणतील, बायकासुद्धा काय कमी आहेत? लग्नात साडी नेसून मिरवायची आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवायची! तसं करणाऱ्या आहेत, आणि ती शुद्ध लबाडी आहे. पण त्यांच्या लबाडीची शिक्षा प्रामाणिक बाईला कशाला? खोटी तक्रार करू नये आणि खरी सोडू नये, एवढा साधा हिशेब आहे.

तक्रार करणारी बाई ‘भांडकुदळ’ असं आपल्याला लहानपणापासून शिकवलं गेलंय. पण याच महाराष्ट्रात १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. पुढे १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि शेजारपाजारच्या घरांनी संघ करून एकत्र वाणसामान घ्यायला सुरुवात केली. त्या बायका एकेकट्या नव्हत्या, म्हणून त्यांचा आवाज ऐकू गेला. आज खरेदी एकेकटीच्या मोबाईलवर होते आणि फसगतही एकेकटीच सोसते, हीच खरी अडचण आहे.

म्हणून मला वाटतं, प्रत्येक बचत गटानं, भिशीनं महिन्यातली पंधरा मिनिटं याच कामाला द्यावीत. कुणाचं काय अडलंय ते विचारावं, जिला मोबाईल चांगला कळतो तिनं दुसरीचा अर्ज पाठवून द्यावा. २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो आणि पाठोपाठ संक्रांत येते. यंदा हळदीकुंकवाच्या वाणाबरोबर १९१५ आणि १९३० हे दोन आकडे लिहिलेली एक चिठ्ठी द्यायला काय हरकत आहे? आणि पुढची ऑर्डर शक्य तर स्वतःच्या नावानं, स्वतःच्या खात्यातून करा. पहिली तक्रार लिहायला तासभर जातो, हातही थरथरतो. दुसरी मात्र दहा मिनिटांत लिहून होते!