बारशापूर्वीची एक भेट

नवजात बालकाची कावीळ आपल्या समाजात इतकी परिचित आहे की ती ऐकून कुणी दचकत नाही. पूर्ण दिवसांच्या शंभर बालकांपैकी सुमारे साठ जणांना ती पहिल्या आठवड्यात दिसते आणि बहुतेकांची आपोआप ओसरते. माझा आक्षेप आहे तो या ‘बहुतेकां’वर विसंबून राहण्याला.

ही कावीळ सामान्यतः तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक वाढते. नेमक्या त्याच सुमारास बाळंतीण घरी पोहोचलेली असते आणि बारशापर्यंत बाळाने उंबरा ओलांडू नये, असा घरातील वडीलधाऱ्यांचा दंडक असतो. मग दूरध्वनीवरून सल्ला विचारला जातो आणि (व्यवसायबंधूंनी राग मानू नये) ‘कोवळ्या उन्हात धरा’ एवढ्यावर आपण मोकळे होतो.

हा सल्ला अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड रुग्णालयात १९५६ साली सिस्टर वॉर्ड या परिचारिकेने उन्हात ठेवलेले एक बाळ डॉक्टरांना दाखविले. त्याची उघडी त्वचा फिकी झाली होती, झाकलेला भाग तेवढा पिवळाजर्द राहिला होता. त्यातूनच पुढे १९५८ मध्ये क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिव्याच्या प्रकाशाने केलेले उपचार प्रसिद्ध केले. परंतु निळा प्रकाश ठराविक तीव्रतेने उघड्या अंगावर तासन्‌तास देणे वेगळे आणि दुपट्यात गुंडाळलेले बाळ दहा मिनिटे गच्चीवर नेणे वेगळे. शिवाय इंदूरच्या पौषातल्या सकाळी ते उघडे ठेवावे, तर गारठण्याचा धोका. इकडे बिलिरुबिन मर्यादेबाहेर वाढून मेंदूत शिरले, तर बहिरेपण आणि हातापायांच्या अनावर हालचाली जन्मभर मागे लागतात.

म्हणून माझे मत असे की, अठ्ठेचाळीस तासांच्या आत घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळाच्या कागदावर पुढील दोन दिवसांतील फेरतपासणीची तारीख लिहिलेलीच असावी. आजीबाईंशी वाद घालू नये. त्यांनाच सोबत बोलवावे, कारण पिवळेपण आधी त्यांच्याच नजरेस पडते. पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ, तळपायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा, किंवा बाळ सुस्त होऊन अंगावर पिईनासे होणे, यांपैकी काहीही आढळल्यास तारखेची वाट न पाहता, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. ट्रंकेतली जुनी झबली-दुपटी काढताना डांबरगोळ्यांचाही विचार व्हावा. जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात उणीव असलेल्या बालकाच्या तांबड्या पेशी त्या वासानेही फुटू शकतात.

चौदा दिवसांनंतरही डोळे पिवळे राहिले, तर लंगोटाकडे पाहावे. शी पांढुरकी आणि लघवी गडद पिवळी असेल, तर पित्तनलिका बंद असण्याची शंका घ्यावीच लागते. तिच्यावरील कासाई शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता अधिक, आणि अशा बाळांना आपल्याकडे पोहोचेपर्यंत बहुधा तिसरा महिना लागलेला असतो.